इंजिनिअरिंग ॲडमिशनसाठी कॉलेजांची माहिती देणारं कोणतं पुस्तक घ्यावं? तीन पुस्तकांत तीन वेगळे कटऑफ

बार्शीची आई:

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, समजून घ्या. मुलीने यंदा बारावी सायन्स केलं, सीईटी पीसीएम दिली, निकाल यायचाय पण क्लासचे सर म्हणतात ९३-९४ पर्सेंटाईलच्या आसपास पडेल. अकरावी-बारावी तिची लातूरला झाली, आम्ही राहायला बार्शीत. कास्ट ओबीसी, उत्पन्न आठ लाखाच्या आत. कॉम्प्युटर नाहीतर ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घ्यायचं तिच्या मनात आहे, पुण्याला मिळालं तर बरं, नाहीतर संभाजीनगर, सांगली, नांदेड कुठंही चालेल पण कॉलेज नीट पाहिजे. आमच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे इंजिनिअर कोणी नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न आहे.

कॉलेजांची माहिती देणारी तीन पुस्तकं सध्या घरात जमलीत. एक क्लासने फुकट दिलं, चकचकीत कागद, भरपूर फोटो. दुसरं भाच्याचं, ते जुनं आहे, २०२२ चं. तिसरं बसस्टँडवरच्या स्टॉलवरून मिस्टरांनी आणलं, चांगलं जाडजूड, नुसते तक्तेच तक्ते. आता गंमत बघा, पुण्यातल्या एकाच कॉलेजच्या एकाच ब्रँचचा कटऑफ एकात ९० च्या आसपास, दुसऱ्यात ९४, तिसऱ्यात ९६ च्या वर! मुलगी रडकुंडीला आली, म्हणते आई यातलं खरं कोणतं धरायचं. शिवाय एकात कॉलेजांना स्टार दिलेत, दुसऱ्यात रँक दिलीय, त्याचा आणि याचा काही मेळ नाही. इथला एक काउन्सेलर पंधरा हजारात सगळी लिस्ट करून देतो म्हणतोय, ते पैसे द्यायच्या आधी म्हटलं इथे विचारावं. एकच चांगलं पुस्तक घ्यायचं तर कोणतं, आणि ते चांगलं आहे हे आपण ओळखायचं कसं? ज्यांनी यातून मुलांना काढलंय त्यांनी कृपया सांगा.

वारजेकर:

ताई, आधी पंधरा हजार खिशात ठेवा. आमच्या मोठ्याची ॲडमिशन दोन वर्षांपूर्वी झाली आणि धाकटीची आता आहे, त्यामुळे घरात ही पुस्तकं ढिगाने आहेत.

पुस्तक पारखायची माझी पद्धत सांगतो. जे कॉलेज तुम्हाला चांगलं माहितीये त्याचं पान आधी उघडायचं. तुमच्या तालुक्याचं, जिल्ह्याचं, ज्यात शेजारचा पोरगा शिकतोय ते. बसस्टँडपासून किती लांब आहे, हॉस्टेल खरंच आहे का नुसता बोर्ड आहे, कोणती ब्रँच चालू आहे, कोणती बंद पडली, हे तुम्हाला ठाऊक असतं. त्या पानावर पुस्तक खरं बोलतंय का बघा. तिथेच जर 'भव्य कॅम्पस, अत्याधुनिक प्रयोगशाळा, उज्ज्वल निकाल' एवढंच लिहिलेलं असेल तर ज्या दोनशे कॉलेजांबद्दल तुम्हाला काहीच माहिती नाही त्यांची पानं पण तशीच भरलेली असणार. मी पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात उभं राहून असंच बघतो, पाच मिनिटं लागतात आणि दुकानदार काही म्हणत नाही.

दुसरं म्हणजे रंगीत पानं मोजा. पुढची पंधरा-वीस पानं जाहिरातींची असतील आणि मग आतल्या 'टॉप कॉलेज' यादीत तीच नावं वर असतील तर काय ते समजून जा. जाहिरात घेणं गैर नाही, पुस्तक छापायला पैसा लागतो, पण जाहिरात कुठे संपते आणि माहिती कुठे सुरू होते हे स्पष्ट दिसलं पाहिजे. क्लासवाल्यांनी फुकट दिलेलं पुस्तक मी तरी फक्त पत्ते आणि फोन नंबर बघायला वापरतो.

आणि स्टार. कोणी दिले, कशावरून दिले हे प्रस्तावनेत लिहिलं नसेल तर ते स्टार विसरून जा.

सेकंड इयर ईएनटीसी:

काकू, मी पण लातूरलाच अकरावी-बारावी केली आणि आता पुण्यात सेकंड इयरला आहे, म्हणून तुमच्या मुलीचा गोंधळ मला बरोबर कळतोय. तीन पुस्तकांतले तिन्ही आकडे खरे असू शकतात!! कारण एका ब्रँचला एक कटऑफ नसतोच, वीस-पंचवीस असतात. सीट कोणत्या प्रकारची आहे त्यावर तो ठरतो आणि पुस्तकवाले कधी कधी त्यातला एकच उचलून छापतात, कोणता ते सांगत पण नाहीत.

सीईटी सेलच्या (ही परीक्षा आणि ॲडमिशन बघणारं सरकारी ऑफिस) साईटवर दरवर्षी प्रत्येक राऊंडच्या कटऑफचा पीडीएफ येतो, फुकट आहे, तो एकदा उघडून बघा. प्रत्येक कॉलेजचं नाव, खाली ब्रँच, आणि मग कॉलम असतात जीओपनएच, एलओपनएच, जीओबीसीओ, एलओबीसीएस असे. बघून घाबरायला होतं पण सोप्पं आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज. मधे कॅटेगरी. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या बाहेरचे, एस म्हणजे स्टेट लेव्हल. हे सगळं त्या पीडीएफमध्ये पानाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण कोणी वाचत नाही. प्रत्येक चौकोनात वर मेरिट नंबर असतो आणि त्याखाली कंसात पर्सेंटाईल.

आता तुमच्या मुलीचं. बारावी ज्या गावच्या कॉलेजातून झाली त्यावरून होम युनिव्हर्सिटी ठरते, घर कुठे आहे त्यावरून नाही. म्हणजे तुम्ही बार्शीच्या असलात तरी तिची होम युनिव्हर्सिटी सोलापूर नाही, लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात येतो म्हणून तिची ती. पुणे विद्यापीठाखालच्या प्रायव्हेट कॉलेजात ती बाहेरची धरली जाणार. तिथे ७० टक्के सीट होमवाल्यांना असतात आणि ३० टक्के बाहेरच्यांना, त्यामुळे ओ वाल्या कॉलमचा कटऑफ बऱ्याचदा होमपेक्षा वेगळा असतो, कधी कधी चांगलाच वर. तिने बघायचे मुख्य कॉलम चार, जीओपनओ, एलओपनओ, जीओबीसीओ, एलओबीसीओ. ओबीसी असली तरी ओपनच्या सीटवर पण तिचा हक्क आहे हे विसरू नका. सरकारी ऑटोनॉमस कॉलेजात मात्र शेवटी एस असतो, तिथे होम-बाहेर भानगड नाही, सगळ्या महाराष्ट्राला एकच.

माझ्या रूममेटच्या घरच्यांनी पुस्तकात होमचा कटऑफ बघून पुण्याची कॉलेजं सेफ धरली होती, ती साताऱ्याची, तिची होम युनिव्हर्सिटी कोल्हापूरची शिवाजी विद्यापीठ. पहिल्या राऊंडला काहीच लागलं नाही, दुसऱ्याला लागलं पण तोपर्यंत घरात सगळ्यांचं जेवण बंद.

तर पुस्तक घ्यायचं तर ज्यात हे कोड पूर्ण छापलेत तेच घ्या. ज्यात नुसतं 'ओपन - ९४, ओबीसी - ९२' असं लिहिलंय ते घेऊ नका. तुमच्याकडचं स्टॉलवरचं जाड पुस्तक कदाचित हेच असेल, बघा ना कॉलमच्या नावात शेवटी एच-ओ-एस आहे का.

वाचनालय सोलापूर:

वरच्या मुलीने अगदी व्यवस्थित सांगितलंय. मी एका सार्वजनिक वाचनालयात काम करतो, मे-जून आला की पालकांची या पुस्तकांसाठी रांग लागते, म्हणून दोन शब्द सालाबद्दल.

भाच्याचं २०२२ चं पुस्तक बाजूला ठेवा. जुनं झालं एवढंच कारण नाही, मधल्या काळात पायाच बदललाय. २०२४ ला एसईबीसीचं (म्हणजे मराठा समाजाचं) १० टक्के आरक्षण लागू झालं, त्यामुळे सीटची वाटणी बदलली आणि २०२१ ते २०२३ च्या कटऑफमध्ये तो कॉलमच सापडणार नाही. त्याच्याही आधी मराठा आरक्षण नोव्हेंबर २०१८ मध्ये आलं होतं आणि मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, म्हणजे २०१९ पासूनचे आकडे एकाखाली एक लावून 'पाच वर्षांचा ट्रेंड' म्हणून छापणारं पुस्तक वाचकाला काही समजावत नाही. त्यात २०२४ पासूनच एआयसीटीईने (इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणारी केंद्राची संस्था) चांगल्या चालणाऱ्या कॉलेजांसाठी ब्रँचच्या सीटवरची वरची मर्यादा काढली, मग कित्येक ठिकाणी कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या सीट वाढल्या. सीट वाढल्या की कटऑफ हलणारच.

राऊंडचे नियम पण बदलले. २०२५ च्या ॲडमिशनला कॅपचे (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे) तीनाऐवजी चार राऊंड झाले आणि पहिल्या राऊंडला पहिला ऑप्शन, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी कोणताही लागला तर सीट आपोआप फ्रीज, म्हणजे तीच पक्की, असं आलं. जुन्या पुस्तकात 'पहिल्या राऊंडला बिनधास्त काहीही भरा, नंतर बेटरमेंट (पुढच्या राऊंडला वरचा ऑप्शन) करा' असा सल्ला वाचून कोणी फॉर्म भरला तर पस्तावेल. नियम कुठल्याच पुस्तकातून घेऊ नका, सीईटी सेलची त्या वर्षाची माहितीपुस्तिका पीडीएफ असते ती घ्या, लांबलचक आहे पण प्रिंट काढून पेन्सिलने खुणा करत एकदा वाचा. पूर्वी एआरसीवर (अर्ज घेणाऱ्या केंद्रावर) किट विकत घेतलं की त्यातच छापील पुस्तिका मिळायची, आता छापील नसल्यामुळे लोक ती वाचतच नाहीत आणि बाजारातलं पुस्तक तिच्या जागी धरतात, माझी खरी तक्रार ती आहे.

पुस्तक घेताना प्रकाशनाचं पान उघडून आवृत्ती बघा आणि मग आत कुठलंही एक पान उघडून कटऑफवर साल आणि राऊंड लिहिलाय का ते बघा. कव्हरवर चालू साल आणि आत तीन वर्षांपूर्वीचे आकडे अशी पुस्तकं माझ्या हातातून गेलेली आहेत. फक्त शेवटच्या राऊंडचा कटऑफ छापलेलं असेल तर तेही अर्धवट, शेवटी एखादी सीट रिकामी राहते आणि ती फार खालच्या नंबरला जाते, ती बघून पालकांना वाटतं आपल्याला पण मिळेल. पहिला राऊंड आणि शेवटचा दोन्ही पाहिजेत.

खडू आणि फळा:

मी एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात बरीच वर्षं शिकवतोय. कटऑफचं वर झालंच, पण ताई, कटऑफ म्हणजे कॉलेजला मागणी किती आहे तेवढंच कळतं, आत शिकवतात कसं ते कळत नाही. पुस्तकाचा दुसरा भाग, म्हणजे प्लेसमेंट, नॅक, एनबीए (या दोन दर्जा तपासून मिळणाऱ्या मान्यता) वगैरे, तिथे जास्त सावध राहा.

ही माहिती पुस्तकात येते कशी ते सांगतो. प्रकाशकाचा फॉर्म कॉलेजला येतो, ॲडमिशन किंवा प्लेसमेंटचं काम बघणारा कोणीतरी तो भरतो, परत पाठवतो. पडताळणी बहुतेक वेळा होत नाही. त्यात 'हायेस्ट पॅकेज' हा रकाना सगळे आनंदाने भरतात कारण तिथे एका मुलाचा आकडा चालतो. 'प्लेसमेंट ९५ टक्के' लिहिलेलं असतं तेव्हा खाली छेद काय धरलाय ते विचारा. बऱ्याच ठिकाणी जी मुलं प्लेसमेंटला पात्र होती आणि ज्यांनी नाव नोंदवलं त्यांच्यातले ९५ टक्के असतात, वर्गातल्या सगळ्यांचे नाही.

त्यापेक्षा चांगली गोष्ट फुकट मिळते आणि पालकांना माहीतच नसते. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, रँकिंगमध्ये जी कॉलेजं भाग घेतात त्यांना एका ठराविक नमुन्यात आकडे द्यावे लागतात आणि ते स्वतःच्या वेबसाईटवर पण ठेवावे लागतात. कॉलेजच्या साईटवर खाली कुठेतरी 'एनआयआरएफ' अशी लिंक असते, ती उघडा. रँक किती आली ते सोडा, रँकचा हिशोब संशोधन आणि परसेप्शन (नावलौकिक) धरून होतो, तुमच्या मुलीला त्याचा उपयोग कमी. आतल्या तक्त्यात 'यूजी चार वर्षं' अशी ओळ शोधा. पहिल्या वर्षाला किती सीट, किती भरल्या, किती मुलं वेळेत पास झाली, किती प्लेस झाली, त्यांचा मीडियन पगार किती आणि किती पुढे शिकायला गेली, हे एका ओळीत असतं. उदाहरण म्हणून, समजा ४८० सीट, भरल्या ४७०, वेळेत पास ३८०, प्लेस झाले २१०, मीडियन साडेचार लाख, पुढे शिकायला ४०. आता याच कॉलेजचं पुस्तकातलं पान काढा, तिथे 'हायेस्ट पॅकेज ३२ लाख' एवढंच असेल. मीडियन म्हणजे प्लेस झालेल्यांतल्या अर्ध्या मुलांना त्याहून कमी आणि अर्ध्यांना जास्त, तो आकडा एका हुशार मुलामुळे फुगत नाही. आणि ४७० भरल्या पण ३८० च वेळेत सुटले तर बाकीच्यांचं काय झालं हा प्रश्न कॉलेज बघायला जाल तेव्हा विचारा. हे आकडे पण कॉलेजच भरतं आणि सगळ्या ब्रँचचे एकत्र असतात, पण सगळ्यांना एकच नमुना असल्यामुळे दोन कॉलेजांची तुलना तरी करता येते, आणि तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले की कोण कुठे चाललंय ते दिसतं.

नॅक आणि एनबीए यात पुस्तकं फार गोंधळ करतात. नॅक पूर्ण संस्थेचं असतं, एनबीए ब्रँचचं. 'एनबीए मान्यताप्राप्त कॉलेज' असा शिक्का दिसला तर लगेच कोणती ब्रँच आणि कोणत्या तारखेपर्यंत ते बघायचं, मेकॅनिकलला असेल आणि तुम्हाला हव्या त्या ब्रँचला नसेल. एआय-डेटा सायन्ससारख्या नव्या ब्रँचला बऱ्याच ठिकाणी एनबीए नसतं कारण अर्ज करायच्या आधी दोन बॅच बाहेर पडाव्या लागतात, त्यामुळे नाही म्हणजे वाईटच असं धरू नका. तिथे बघायचं ते शिक्षक. एआयसीटीईच्या नियमाने प्रत्येक कॉलेजला 'मँडेटरी डिस्क्लोजर' साईटवर टाकावं लागतं, त्यात शिक्षकांची यादी असते, नाव, शिक्षण, रुजू झाल्याची तारीख. एका विभागात निम्मे लोक गेल्या वर्षभरात आलेले दिसले तर चौकशी करा. कोणत्याच छापील पुस्तकात मी ही माहिती पाहिलेली नाही आणि माझ्या मते चार वर्षांवर सगळ्यात जास्त परिणाम तिचाच होतो.

बार्शीची आई:

किती सविस्तर सांगितलंत सगळ्यांनी, डोळे भरून आले वाचताना. मुलीला शेजारी बसवून वाचून दाखवलं. स्टॉलवरच्या पुस्तकात खरंच कॉलमच्या शेवटी एच, ओ, एस आहे, साल २०२५ आणि राऊंड पण लिहिलाय. क्लासच्या पुस्तकातला ९० चा आकडा कुठला ते आता कळलं, तो एलओबीसीएच आहे, म्हणजे होमवाल्या मुलींचा, आमच्या कामाचाच नाही.

आता फीबद्दल विचारते. पुस्तकात पुण्याच्या प्रायव्हेट कॉलेजांची फी सव्वा लाख, दीड लाख अशी दिलीय, आणि इकडे सगळे म्हणतात मुलींना फी माफ आहे. मग कोणता आकडा धरून चालायचं? आणि पुस्तकात काही विद्यापीठं पण आहेत, त्यांना कटऑफच दिलेला नाही, नुसती फी, ती वेगळी असतात का?

वारजेकर:

फी माफीचं खरं आहे. जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ, आधी ते ५० टक्के होतं. पण कॅपमधून ॲडमिशन पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. आणि शिक्षण शुल्क म्हणजे पूर्ण फी नव्हे हं, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे वेगळं. पुस्तकात एकच गोळा आकडा असतो, त्याची फोड नसते. फी नियामक प्राधिकरणाच्या साईटवर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी असते, तिथे ट्युशन किती आणि डेव्हलपमेंट किती हे वेगळं दिसतं, ते दोन आकडे वहीत लिहून घ्या म्हणजे कॉलेजने जास्त सांगितलं तर बोलता येतं.

ज्यांना कटऑफ नाही ती खाजगी विद्यापीठं किंवा अभिमत विद्यापीठं असणार. त्यांची ॲडमिशन कॅपमधून होत नाही, त्यांची त्यांची असते, आणि मुलींची ही फी माफी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही. पुस्तकात सगळी एकाच यादीत कॉलेजांबरोबर मिसळलेली असतात, नावं पण सारखी, एकाच संस्थेचं एक कॉलेज कॅपमध्ये आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये विद्यापीठ. मोठ्याच्या वेळी आम्ही पेन घेऊन आधी ती सगळी नावं वेगळी काढली, यादी बरीच हलकी झाली. याला पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज अपवाद, ते २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ झालंय पण सरकारी आहे आणि कॅपमध्येच आहे, जुन्या पुस्तकात ते अजून पुणे विद्यापीठाखाली सापडेल.

कागदपत्रं आत्ताच काढा. ओबीसीला जात वैधता आणि नॉन क्रिमीलेअर लागतं, नॉन क्रिमीलेअरची मुदत कधीपर्यंत आहे ते तारीख वाचून बघा, आणि फी माफीला उत्पन्नाचा दाखला. तहसीलला निकालानंतर पाय ठेवायला जागा नसते.

एडिसन मुक्कामी:

मी अमेरिकेत असतो, मुलीचं कॉलेज शोधणं नुकतंच संपलं, म्हणून थोडं वेगळं सांगतो. इथे गाईडबुकं साधारण दोन प्रकारची असतात. एक नुसत्या आकड्यांची, सगळी कॉलेजं, प्रत्येकाला चार ओळी. दुसरी निवडक कॉलेजांची, त्यात दोन-तीन पानं भरून वातावरण कसं, मुलं काय म्हणतात, वर्ग केवढे, जेवण कसं असं लिहिलेलं असतं. आम्हाला दुसऱ्या प्रकाराचा उपयोग कुठे जावं हे सुचायला झाला आणि आकडे मात्र कॉलेजच्या कॉमन डेटा सेटमधून घेतले, तो एक ठराविक फॉर्म बरीच कॉलेजं दरवर्षी भरून साईटवर ठेवतात, शिवाय सरकारचं कॉलेज स्कोअरकार्ड आहेच, त्यात शिकून बाहेर पडलेल्यांची कमाई आणि कर्ज दिसतं.

महाराष्ट्रातल्या पुस्तकांत तो दुसरा प्रकार जवळजवळ दिसत नाही, वातावरण कसं आहे हे कोणी लिहीतच नाही. पुण्याला जाणाऱ्या मुलीसाठी ते कटऑफइतकंच महत्त्वाचं आहे. वरच्या ईएनटीसीवाल्या मुलीने तिच्या कॉलेजबद्दल इथे लिहिलं तर शंभर जणांना उपयोग होईल.

सेकंड इयर ईएनटीसी:

लिहिते ना, पण कॉलेजचं नाव न घेता, कोणत्याही कॉलेजला विचारता येतील असे प्रश्न सांगते. मुलींचं हॉस्टेल कॅम्पसमध्ये आहे का बाहेर भाड्याच्या बिल्डिंगमध्ये, आणि फर्स्ट इयरनंतर पण मिळतं का. आमच्याकडे सेकंड इयरला मेरिटवर मिळतं, बाकीच्या मुली पीजीमध्ये, आणि पीजी प्लस डबा धरला तर फी माफी झालेल्या मुलीच्या घरचा खरा खर्च तोच असतो काकू. पुस्तकात 'हॉस्टेल - आहे' एवढंच असतं, किती मुलींचं ते नसतं. रात्री लायब्ररी किती वाजेपर्यंत, मुलींना तिथे थांबू देतात का. लॅबमध्ये एका किटवर किती जण, आमच्या मायक्रोकंट्रोलरच्या लॅबला एका टेबलवर चौघं असतात आणि हात एकाचाच चालतो, तेव्हा जो पुढे सरकत नाही तो चार वर्षं मागेच बसतो, म्हणून मुलीला आत्ताच सांगून ठेवा पुढे बसायचं. आणि लातूरहून आलेल्यांना पहिलं सेमिस्टर इंग्लिशमुळे जड जातं, सिनियर मदत करतात, आमच्या लातूर-नांदेड-बार्शीच्या मुलींचा ग्रुप आहे, सगळ्यांच्या नोट्स फिरतात.

हे विचारायला कॉलेजच्या ऑफिसमध्ये जाऊ नका, दुपारी सुट्टीच्या वेळेला कँटीनमध्ये जा आणि मुलींना विचारा, कोणी पण सांगतं. शक्यतो सेकंड-थर्ड इयरच्या मुलींना, फर्स्ट इयरवाल्यांना अजून काही कळलेलं नसतं.

आणि ब्रँचची नावं नीट वाचा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, त्यात कंसात एआय, कंसात डेटा सायन्स, सगळ्यांचे चॉइस कोड वेगळे आणि कटऑफ वेगळे. ईएनटीसीमध्ये पण आता दोन-तीन प्रकार झालेत. फॉर्म भरताना नाव बघून नाही, कोड बघून भरायचं.

खडू आणि फळा:

कोडवरून आठवलं, ताईंना उपयोगी पडेल. कॉलेजच्या कोडमध्येच विभाग लपलेला असतो. १ अमरावती, २ संभाजीनगर, ३ मुंबई, ४ नागपूर, ५ नाशिक, ६ पुणे. उदाहरणार्थ मुंबईचं व्हीजेटीआय कॉलेज ३०१२, आता सुरुवातीला शून्य लावून पाच आकडी लिहितात पण मतलब तोच. पुस्तकातले तक्ते बहुधा याच क्रमाने असतात, त्यामुळे नांदेड बघायचं असेल तर दोनच्या गठ्ठ्यात जा, सांगली-कोल्हापूर सहाच्या. तुमच्या मुलीला नांदेडचं गुरु गोविंदसिंगजी आणि सांगलीचं वालचंद या दोन्हींकडे नीट बघायला सांगा, पुण्याच्या नावापायी लोक पान उलटतात. नांदेड विद्यापीठाखालच्या प्रायव्हेट कॉलेजात तर ती होमची आहे, तिथे एच वाले कॉलम तिचे.

निकाल आला की पर्सेंटाईलपेक्षा मेरिट नंबर हातात येईपर्यंत थांबा आणि मग पुस्तकातल्या मेरिट नंबरच्या रांगेत स्वतःला ठेवा. दोन वर्षांत परीक्षेला बसणारी मुलं कमीजास्त होतात, त्यामुळे तेच ९४ पर्सेंटाईल दोन वर्षी वेगवेगळ्या नंबरला बसतं.

बार्शीची आई:

वहीच केलीय आता. डाव्या पानावर पुस्तकातले चार कॉलम, उजव्या पानावर एनआयआरएफची ओळ आणि फीची फोड. काल रात्री मुलीने आठ कॉलेजं भरली, त्यातल्या दोन कॉलेजांच्या साईटवर एनआयआरएफची लिंक सापडलीच नाही. काउन्सेलरला नाही म्हणून कळवलं. रविवारी मिस्टर दुकान बंद ठेवतायत, आम्ही तिघं पुण्याला येतोय, तीन कॉलेजं बघायची ठरवलीत. वारजेकर दादा, स्वारगेटवरून अप्पा बळवंत चौकाला कोणती बस, आणि रविवारी दुकानं उघडी असतात का?

वारजेकर:

रविवारी येऊ नका ताई, कॉलेज बंद असणार, कँटीनमध्ये कोणी भेटणार नाही. शनिवारी पण काही ठिकाणी सुट्टी असते. शुक्रवारी या, सकाळी कॉलेजं करा आणि संध्याकाळी चौकात जा, स्वारगेटवरून शनिवारवाड्याकडे जाणारी कोणतीही बस चालेल, कंडक्टरला सांगा तो उतरवेल. नवीन पुस्तक घ्यायची आता गरज दिसत नाही, तुमच्याकडचं स्टॉलवरचं चांगलं आहे. त्या दोन कॉलेजांचं मँडेटरी डिस्क्लोजर सापडतंय का तेवढं निघायच्या आधी मुलीला बघायला सांगा.